पुन्हा विचारायला कोण येणार?

सकाळी साडेसहाला सावद्याच्या बसस्थानकावर उभं राहिलं की रावेर तालुक्यातली कॉलेजची पोरं एका जागी दिसतात. कोणी फैजपूरला निघालेलं, कोणाला भुसावळची गाडी धरायची, कोणाचा जळगावला क्लास. पास खिशात, डबा पिशवीत, कानात इअरफोन. शेजारून केळीचे ट्रक बऱ्हाणपूरच्या दिशेने जात असतात. या गर्दीत रात्रभर कोणाचा डोळा लागलेला नाही, महिनाभर वर्गात बसूनही कोणाच्या डोक्यात एक अक्षर शिरलेलं नाही, हे वरून दिसत नाही. ते वेळेत कळावं आणि कळल्यावर पुढे काय करायचं हे कोणाला तरी ठाऊक असावं, यासाठी गेल्या तीसेक वर्षांत देशात बरंच काही उभं राहिलं. त्यातलं सावद्यापर्यंत काय पोचलं आणि काय वाटेतच राहिलं, ते एकदा नीट बघायला हवं.

आधी आकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०१२ साली देशात ६,६५४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. २०२२ साली हा आकडा १३,०४४ झाला. त्यातले १,७६४ विद्यार्थी महाराष्ट्रातले, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वाधिक. याच अहवालात सर्व वयोगटांच्या आत्महत्यांची कारणं दिली आहेत. त्यात ‘परीक्षेतील अपयश’ या रकान्यात जेमतेम १.२ टक्के नोंदी आहेत, तर ‘कौटुंबिक प्रश्न’ या रकान्यात जवळपास ३२ टक्के. पोलिसांनी भरलेले रकाने म्हणजे माणसाच्या मनाचा नकाशा नव्हे, हे खरं. तरीही ‘पोरगं नापास झालं म्हणून गेलं’ ही आपल्याकडची झटपट समजूत किती अपुरी आहे, ते यावरून कळतं. एका कारणाने कोणी जात नाही. बरीच ओझी एकावर एक चढलेली असतात, शेवटचं तेवढं आपल्याला दिसतं.

ही ओझी आमच्या भागात कशी चढतात, ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. इथल्या घराचा खर्च केळीवर चालतो. निसवलेली बाग मे-जूनच्या वादळात एका रात्रीत आडवी होते, आणि नेमका तोच काळ निकालाचा, प्रवेशाचा, फी भरण्याचा असतो. वडील घरात काही बोलत नाहीत, पण केळीचा आजचा भाव पोराला माहीत असतो. आपल्या वसतिगृहाचा हप्ता किती घडांचा, हा हिशेब तो मनातल्या मनात करतो. ज्यांच्याकडे शेत नाही, ज्यांची आई दुसऱ्याच्या बागेत रोजंदारीवर जाते, त्यांचं सगळं शिष्यवृत्तीवर अवलंबून असतं, आणि ती लांबली की परीक्षेचा फॉर्मही अडतो. मुलींच्या डोक्यावर आणखी एक तारीख टांगलेली असते. हे वर्ष संपलं की ‘स्थळं बघायला सुरुवात’.

आणि एक परत आलेला मुलगा असतो. कोट्याला, लातूरला किंवा पुण्याला नीटच्या, सीईटीच्या, एमपीएससीच्या तयारीसाठी गेलेला, दोन वर्षांनी रिकाम्या हाताने घरी आलेला. गावात त्याला रोज कोणी ना कोणी विचारतं, ‘काय मग, पुढं काय?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण दिवसातून दहादा तेच ऐकल्यावर तो मुलगा मुख्य रस्त्याने जाणं सोडतो, मग बाहेर पडणंच सोडतो. मला विचाराल तर सध्या सगळ्यात जास्त काळजी याची वाटावी. तो कोणत्याही कॉलेजच्या हजेरीपटावर नसतो, त्यामुळे कॉलेजसाठी केलेली एकही सोय त्याच्यापर्यंत जात नाही.

‘मानसिक आरोग्य’ हा शब्द इथे घरात कोणी उच्चारत नाही. मुलं म्हणतात, ‘मले काही सुचत नाही.’ ‘करमत नाही.’ ‘जीव घाबरतो.’ बरीच तर नुसती डोकं दुखतं, पोट दुखतं म्हणून गावातल्या डॉक्टरकडे जातात आणि गोळी घेऊन परत येतात. घरच्यांना वाटतं नजर लागली, बाहेरचं झालं. गंडा, दोरा, दर्गा, देवस्थान असं फिरण्यात आठवडे जातात. त्यांना हसू नये. आपल्या लेकराचं काहीतरी बिनसलंय हे त्यांना कळलेलं असतं, दार कोणतं ठोठावायचं एवढंच ठाऊक नसतं. ज्या विद्यापीठाखाली ही मुलं शिकतात त्याला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. मनाचे खेळ शेतातल्या साध्या शब्दांत मांडणारी बाई याच मातीतली. तिच्या नावाच्या विद्यापीठात समुपदेशनाचं माहितीपत्रक सरकारी मराठीत नको, तिच्या बोलीत असावं, असं मला फार वाटतं.

खानदेशात या विषयावर बोलताना डॉ. पायल तडवी यांचं नाव टाळून पुढे जाता येत नाही. तडवी भिल्ल समाज सातपुड्याच्या पायथ्याशी, रावेर, यावल, चोपडा भागात राहणारा. जळगावच्या या मुलीने मिरजेत एमबीबीएस केलं आणि २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयाशी जोडलेल्या टोपीवाला महाविद्यालयात स्त्रीरोग विषयाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी प्रवेश घेतला. २२ मे २०१९ रोजी तिचा तिथे मृत्यू झाला. ती २६ वर्षांची होती. वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, खटला उभा राहिला. त्रासाबद्दल आपण आधीच सांगितलं होतं, असं घरच्यांचं म्हणणं होतं. त्याच वर्षी तिच्या आई आबेदा तडवी यांनी असाच आपला विद्यार्थी मुलगा रोहित वेमुला गमावलेल्या राधिका वेमुला यांच्यासोबत सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. उच्चशिक्षणातला जातिभेद रोखण्याचे नियम कागदावरून वर्गात आणा, अशी त्यांची मागणी होती.

या घटनेने एक गोष्ट कायमची शिकवायला हवी होती. मुलाला त्रास देणारी गोष्ट बाहेर, वसतिगृहात किंवा विभागात असेल, तर त्याला खोलीत बसवून ‘सकारात्मक विचार कर’ सांगणं ही मदत होत नाही. तिथे आधी तक्रार घ्यावी लागते, छळणाऱ्याला बाजूला करावं लागतं. सातपुड्याच्या पाड्यांवरून फैजपूर, जळगाव, धुळ्याला शिकायला येणारी पावरा, तडवी, भिल्ल मुलं वर्गात आपली भाषा गिळून बसतात. त्यांच्या उच्चारावर हसणारं कोणी असेल, तर ते थांबवणं हेसुद्धा मानसिक आरोग्याचंच काम आहे.

आता सरकारी बाजू. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे, आणि पुढच्या काळात त्यात महाविद्यालयांतल्या समुपदेशनाचाही समावेश झाला. १० ते १९ वयाच्या मुलांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक आहेत. कॉलेजच्या पहिल्या वर्षाची बहुतेक मुलं त्यात बसतात, पण वर्गात हात वर करायला सांगितले तर या क्लिनिकचं नाव ऐकलेली मुलं क्वचितच निघतात. मनोरुग्णांची प्रादेशिक रुग्णालयं राज्यात चार आहेत: ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. खानदेशात एकही नाही. जळगावला २०१८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, धुळ्याला आधीपासून आहे. सावद्याच्या मुलाला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं तर भुसावळ ओलांडून पन्नासेक किलोमीटरवर जळगाव गाठायचं. म्हणजे एका माणसाची रोजी बुडणार, जाण्या-येण्याचं भाडं जाणार, आणि ‘कुठे गेला होतात?’ या प्रश्नाला उत्तर शोधावं लागणार.

विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यार्थ्यांच्या शारीरिक आणि भावनिक स्वास्थ्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्चशिक्षणातल्या आत्महत्यांचा अभ्यास करायला निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमलं. आणि २५ जुलै २०२५ रोजी न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती संदीप मेहता यांच्या पीठाने पंधरा निर्देश दिले. कायदा होईपर्यंत ते सगळ्या शिक्षणसंस्थांना आणि क्लासेसना बंधनकारक आहेत. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायचं. हेल्पलाइनचे क्रमांक वर्गात आणि वसतिगृहात ठळक लावायचे.

शंभर विद्यार्थी ही अट आमच्याकडचं कोणतंही कॉलेज ओलांडतं. अडचण पुढे येते. हा माणूस आणायचा कुठून आणि त्याचा पगार कोणी द्यायचा? जिथे विषय शिकवायलाच तासिका तत्त्वावर माणसं घेऊन गाडा ओढला जातो, तिथे समुपदेशकाचं नाव बहुधा आधीच पाच समित्यांवर असलेल्या कोणा प्राध्यापकाच्या नावापुढे लिहिलं जातं. जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी ‘मेंटॉर-मेंटी’ची वही उघडून पाहिली. नॅकच्या मूल्यांकनात एका शिक्षकामागे किती विद्यार्थी हे विचारतात, म्हणून ती ठेवलेली. सुबक अक्षर, प्रत्येक विद्यार्थ्यासमोर तारीख, ‘अडचण’ या रकान्यात ओळीने ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’. पानामागून पान उलटलं. एका ठिकाणी मात्र वेगळ्या शाईत लिहिलं होतं, ‘घरी लाईट नाही, अभ्यास होत नाही’, आणि पुढे ‘वाचनालयात रात्री आठपर्यंत बसू दिले’. ज्या शिक्षकाने ती ओळ लिहिली, त्याला काम समजलं होतं. त्याला वेगळी पदवी लागली नाही, पोराने उत्तर दिल्यावर त्याने ते कानाआड केलं नाही, एवढंच.

मग फोन. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा चालू आहे. क्रमांक १४४१६, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र कधीही, मराठीसह वीस भाषांत. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतो. सावद्यासारख्या गावासाठी हे फार मोठं आहे, कारण बोलणारा लांबचा असतो, तो तुमच्या मामाला ओळखत नाही. माझी एकच विनंती आहे. हा क्रमांक सूचना फलकाच्या काचेआड लावून भागत नाही. काचेसमोर उभं राहून तो टिपून घेताना कोणी बघेल, ही भीती मुलांना असते. तो ओळखपत्राच्या मागे छापा, हॉल तिकिटावर छापा, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.

आणखी एक गाठ सुटायला हवी, ती पोलिसांच्या धास्तीची. एखाद्या मुलाने स्वतःला इजा करून घेतली तर घरचे पहिल्यांदा ‘केस होईल’ म्हणून घाबरतात. रुग्णालयात खोटं कारण सांगतात, शुद्धीवर आला की लगेच घरी नेतात आणि विषय कायमचा बंद करतात. कायदा तसा राहिलेला नाही, हे घराघरात सांगायला हवं. मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५व्या कलमानुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं असतं. त्याला शिक्षा करायची नसते, त्याची काळजी आणि उपचार ही सरकारची जबाबदारी असते. अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं दंड संहितेतलं जुनं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत उरलेलं नाही. सरकारी कर्मचाऱ्याच्या कामात अडथळा आणण्यासाठी किंवा त्याच्यावर दबाव टाकण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा वेगळा धरला आहे. रुग्णालयात नोंद होते आणि पोलीस जबाब घेतात, हे खरं. पण जीवाला कंटाळलेल्या मुलाला गुन्हेगार ठरवणारा कायदा आता नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो. संकटातून वाचलेल्या मुलाला घरी पाठवल्यावर पुढे काय, याचं उत्तर शोधायचा एक मोठा प्रयोग जागतिक आरोग्य संघटनेने केला. पाच देशांतल्या पाच शहरांत १,८६७ जण त्यात होते, आपलं चेन्नईही होतं. निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या लोकांना नेहमीचे उपचार दिले. उरलेल्यांना त्याशिवाय तासाभराचं एक समजुतीचं बोलणं आणि नंतर नऊ वेळा फोन किंवा भेट. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या आणि अकराव्या आठवड्यात, मग चौथ्या, सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्यात. ‘कसा आहेस? काही लागतंय का?’ एवढंच. दीड वर्षाने पाहिलं तेव्हा पहिल्या गटात आत्महत्येने गेलेल्यांचं प्रमाण २.२ टक्के होतं, दुसऱ्यात ०.२. हे साधलं विचारत राहण्याने. त्यासाठी नवी औषधं लागली नाहीत की नवी इमारत.

केळी पिकवणाऱ्या माणसाला यात नवल वाटू नये. जुन्या पद्धतीच्या बागेत लावणीपासून कापणीपर्यंत साधारण दीड वर्ष जायचं. कंद लावला आणि निघून गेलो, असं कोणी करत नाही. बांधणी, पिल्लं काढणं, घडाला टेकू, वाऱ्याकडे नजर, दर थोड्या दिवसांनी बागेत फेरी असतेच. पोराच्या बाबतीत मात्र त्या एका रात्री आख्खं गाव धावतं आणि महिन्याभरात सगळे आपापल्या कामाला लागतात. धोका तर त्यानंतरच्या महिन्यांतही असतो, जेव्हा ‘आता ठीक आहे’ असं म्हणून सगळ्यांनी निःश्वास टाकलेला असतो.

माझ्या परिचयाच्या एक प्राध्यापिका आहेत, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या. त्यांच्या वर्गातली एक मुलगी अशाच प्रसंगातून परत आली. बाईंनी घरच्या कालनिर्णयवर पेन्सिलने तारखांभोवती गोल केले. शेजारी नाव नाही, कारण घरात येणारं कोणीही वाचेल. त्या तारखेला फोन करायचा, बोलणं पाच मिनिटांचं. पहिल्या वेळी मुलगी हो-नाही एवढंच बोलली. तिसऱ्या वेळी म्हणाली, ‘मॅडम, मला वाटलं आता नाही करणार तुम्ही.’ मधल्या काळात बाईंनी आईला विश्वासात घेऊन दोन कामं केली: तज्ज्ञाची भेट चुकू दिली नाही, आणि शेतीची फवारणीची औषधं घरातून हलवून कुलपात ठेवायला लावली. हे दुसरं काम शेतकऱ्याच्या प्रत्येक घरात कायमचं व्हायला हवं. श्रीलंकेने जहाल कीटकनाशकांवर बंदी घातल्यावर तिथल्या आत्महत्या मोठ्या प्रमाणात खाली आल्या. जीव द्यावासा वाटण्याची लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते, त्या वेळात हाताशी घातक काही नसलं तर माणूस वाचतो.

साधी माणसं हे काम करू शकतात का, यालाही आपल्याच राज्यातून उत्तर मिळालं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवलं, त्यांनी घरोघरी बोलणं केलं. नैराश्याने त्रासलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, ते २७.२ टक्क्यांवर गेले. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने तर डॉक्टर नसलेले समुपदेशक तयार करून नैराश्यावर चांगला परिणाम दाखवला. आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी आहेत, युवतीसभा आहेत, आशाताई आहेत. माणसं आहेत, त्यांना शिकवायला कोणी येत नाही.

एक काळजी मात्र घ्यावी लागेल. सावद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. अडचणीत धावून येणारी माणसं त्यामुळेच मिळतात, आणि मुलं तोंड मिटून बसतात तीही त्यामुळेच. कॉलेजातला समुपदेशक गावातलाच, तिचाच नातेवाईक, तर मुलगी कशी बोलेल? म्हणून मला वाटतं रावेर-यावल पट्ट्यातल्या कॉलेजांनी मिळून एकच प्रशिक्षित समुपदेशक नेमावा. पगार वाटून घ्यावा, आणि त्याने दर आठवड्याला वेगळ्या कॉलेजात बसावं. सावद्याच्या मुलाला फैजपूरला जाऊन भेटता येईल, फैजपूरच्या मुलीला रावेरला. खोली कार्यालयाच्या शेजारी नको, वाचनालयाच्या आत असावी, जिथे जाण्याचं कारण कोणी विचारत नाही. हे काम सहकाराच्या पद्धतीने होण्यासारखं आहे. ज्या भागातल्या शेतकऱ्यांनी १९३६ मध्ये काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन फैजपुरात पार पाडलं, त्या भागाला चार-पाच कॉलेजांत एक माणूस पोसणं जड जाऊ नये.

शेवटी मित्रांबद्दल, कारण बहुतेक वेळा पहिलं कळतं ते मित्राला. युरोपातल्या दहा देशांत ११ हजारांहून अधिक शालेय मुलांवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. शिक्षकांना लक्षणं ओळखायला शिकवलं, त्याने फारसा फरक पडला नाही. मुलांनाच एकत्र बसवून ताण, निराशा आणि मित्राला मदत यांवर नाट्य आणि चर्चा घेतली, तिथे पुढच्या वर्षभरात टोकाचे प्रयत्न जवळपास निम्मे झाले. आपल्या मुलांना एवढं तरी सांगावं: मित्र म्हणाला ‘जगण्यात अर्थ नाही, कोणाला सांगू नको’, तर ते वचन पाळायचं नाही. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारलं तर त्याच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, उलट बहुतेकांना कोणीतरी विचारलं म्हणून हलकं वाटतं. त्याला एकटं सोडायचं नाही. १४४१६ लावून फोन त्याच्या हातात द्यायचा, आणि त्याच वेळी एका मोठ्या माणसाला सांगायचं. जीवाला लगेच धोका असेल तर १०८ किंवा ११२.

त्या प्राध्यापिकांच्या कॅलेंडरवर पुढचा गोल जूनमध्ये आहे. तेव्हा कॉलेजला सुट्टी असेल आणि तासिकांचं मानधनही बंद असेल. फोन त्या घरूनच करणार आहेत.